कराटेच्या वर्गात वंदन कशासाठी?

सायंकाळी सोसायटीच्या सभागृहात किंवा शाळेच्या पटांगणावर पांढऱ्या पोशाखातील मुले रांगेत उभी राहून एका सुरात हुंकार देताना आपण पाहिली असतील. त्यांतले एखादे आपले नातवंडही असेल. त्याला वर्गाला नेणे-आणणे, त्याच्या पाण्याची बाटली सांभाळत तासभर बाकावर बसणे, हे काम पुष्कळ घरांत आजी-आजोबांकडेच आलेले असते. बाकावर बसल्या बसल्या मनात दोन शंका येतात. पोराला कुठे इजा तर होणार नाही ना? आणि हाणामारी शिकून ते उद्धट तर होणार नाही ना? काहींच्या मनात तिसरा प्रश्नही हळूच डोकावतो : यांतले थोडेफार या वयात आपल्यालाही झेपेल का?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शोधताना लाथांची उंची किंवा पट्ट्यांचे रंग पाहू नका. वर्गातील माणसे एकमेकांना वंदन कसे करतात, ते पाहा. कराटेतील शिष्टाचार वरवरची शोभा नाही. शरीराला जपण्यासाठी घालून दिलेली ती शिस्त आहे. शिष्टाचार जेथे खरा असतो तेथे सुरक्षाही असते, आणि तो जेथे नुसता देखाव्यापुरता उरतो तेथे सुरक्षाही ढिली पडते.

शाळाशिक्षकांनी वाढवलेली विद्या

कराटेचा उगम ओकिनावा बेटावरचा. हे बेट पूर्वी र्‍युक्यू नावाच्या स्वतंत्र राज्यात होते आणि चीनशी त्याचा जुना व्यापार होता. तेथील स्थानिक झुंजविद्या आणि चिनी मुष्टियुद्ध यांच्या मिलाफातून ही कला घडली. दीर्घकाळ ती मोजक्या शिष्यांनाच खाजगीत शिकवली जात असे. विसाव्या शतकाच्या आरंभी आन्को इतोसू यांनी ती ओकिनावातील शाळांत आणली. मुलांना पेलेल अशी शिकवण हवी म्हणून त्यांनी ‘पिनान’ नावाच्या पाच काता सिद्ध केल्या. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करावयाच्या हालचालींची मालिका. १९०८ साली शिक्षणाधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात इतोसू यांनी या विद्येच्या आरोग्यविषयक लाभांवर भर दिला होता.

त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी (१८६८–१९५७) हेही पेशाने शाळाशिक्षक. लहानपणी त्यांची प्रकृती फार नाजूक होती. कराटेच्या नियमित अभ्यासाने ती सुधारली. १९२२ साली त्यांनी टोकियोत या कलेचे प्रात्यक्षिक दाखवले आणि पुढे ती जपानभर पसरली. फुनाकोशी ८८ वर्षे जगले. त्यांच्या शिकवणीत दोन गोष्टींना मोठे स्थान होते. सरावाचा आरंभ आणि शेवट दोन्ही वंदनाने व्हावेत, ही पहिली. आणि कराटे जाणणाऱ्याने पहिला वार कधीही करू नये, ही दुसरी.

ज्या जागी हा सराव चालतो तिला ‘डोजो’ म्हणतात. बुद्धाला जेथे बोध झाला त्या स्थानासाठी संस्कृतात ‘बोधिमंड’ असा शब्द आहे. त्याच्या चिनी भाषांतरातून हा शब्द जपानीत आला. आपल्याकडे तालमीत उतरताना पैलवान लाल माती कपाळाला लावतो. डोजोच्या उंबरठ्यावर वाकणाऱ्या मुलाच्या मनातली भावना त्याहून फार निराळी नाही.

तीन वंदने

पारंपरिक वर्ग सुरू होताना सारे जण रांगेत बसतात. ही बैठक, ‘सेइझा’, आपल्या वज्रासनासारखीच. क्षणभर डोळे मिटून मन स्थिर केले जाते आणि मग तीन वंदने होतात. पहिले समोरच्या मुख्य भिंतीकडे, म्हणजे परंपरेला, दुसरे शिक्षकांना, आणि तिसरे, ‘ओतागाई नी रेई’, एकमेकांना.

सुरक्षेच्या दृष्टीने हे तिसरे वंदन सर्वांत मोलाचे. जोडीने सराव करताना प्रत्येक जण आपले शरीर काही वेळापुरते दुसऱ्याच्या हवाली करत असतो. ‘तुझ्याकडून मी शिकणार आहे, म्हणून तुला जपणे माझ्याकडे लागले,’ असा या वंदनाचा आशय. त्याचा व्यावहारिक उपयोगही आहे. वाकून पुन्हा उभे राहण्यात दोन-तीन क्षण जातात. तेवढ्यात दोघांमधले अंतर ठरते, नजरेला नजर मिळते, श्वास सावरतो आणि समोरचा तयार आहे की नाही, ते कळते. बेसावध माणसावर वार होऊ नये, याची ही तजवीज आहे.

प्रत्येक नियमाला कारण आहे

डोजोतील बारीकसारीक नियम बाहेरच्याला कर्मकांडासारखे वाटतात. त्यांची कारणे मात्र अगदी साधी आहेत.

नखे कापलेली असावीत, अंगठ्या, साखळ्या, कानातले, मनगटातले कडे काढून ठेवावे. हे जोडीदाराच्या डोळ्यांसाठी आणि त्वचेसाठी. पोशाख धुतलेला आणि पाय स्वच्छ असावेत, कारण एकाच चटईवर अनेकांची अनवाणी पावले पडतात आणि गजकर्णासारखे त्वचारोग अशाच वाटेने पसरतात. उशिरा आलेल्याने दाराशी थांबून शिक्षकांच्या खुणेची वाट पाहावी. हात-पाय वेगाने फिरत असलेल्या रांगेत अचानक कोणी शिरू नये, हे त्यामागचे कारण.

‘हाजिमे’ म्हटले की सुरुवात करायची आणि ‘यामे’ म्हटले की थांबायचे. ‘यामे’ या आज्ञेला अपवाद नाही. सुरू झालेला ठोसाही त्या शब्दासरशी आवरता आला पाहिजे. अनेक शैलींत ‘सुन्दोमे’ नावाचे तत्त्व पाळतात : पूर्ण ताकदीने निघालेला वार लक्ष्याच्या किंचित अलीकडे थांबवायचा. जोर लावण्यापेक्षा जोर आवरणे कठीण असते, आणि कराटेतील खरे कौशल्य तेच. काही शैलींत मात्र अंगावर प्रत्यक्ष आघात करण्याचा सराव असतो. म्हणून वर्गात नाव घालण्यापूर्वी ‘आपल्याकडे आघात कितपत होतो?’ असे मोकळेपणाने विचारून घ्यावे.

मुले देतात त्या हुंकाराला, म्हणजे ‘किआई’ला, शरीरशास्त्राचाही आधार आहे. जोर लावताना श्वास कोंडला की रक्तदाब एकाएकी चढतो. हुंकारासोबत श्वास आपोआप बाहेर पडतो. ज्येष्ठांनी ओरडलेच पाहिजे असे नाही. मात्र जोर लावताना श्वास सोडायचा, ही सवय जड पिशवी उचलतानाही उपयोगी पडते.

नातवंडांसाठी वर्ग निवडताना

चांगल्या वर्गात पहिली दहा-पंधरा मिनिटे अंग मोकळे करण्यात जातात आणि शेवटची काही मिनिटे ते शांत करण्यात. मुलांची विभागणी वय, वजन आणि अनुभव पाहून केलेली असते. पाणी पिण्याची मुभा असते. उन्हाळ्यात तर शिक्षक आपणहून थांबवून पाणी प्यायला लावतात. मुक्त सराव, म्हणजे ‘कुमिते’, सुरू होतो तेव्हा दातांचे संरक्षक, हातमोजे, नडगीचे पट्टे असे साहित्य वापरले जाते. हे साहित्य घातले म्हणून जोरात मारण्याची मोकळीक मात्र मिळत नाही.

वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी असलेला वाढीचा भाग कोवळा असतो. त्यामुळे मुलांना मुठींच्या सांध्यांवर जोर काढायला लावणे, कठीण पृष्ठावर वारंवार ठोसे मारायला सांगणे, फळ्या किंवा कौले फोडायला लावणे हे टाळले पाहिजे. पाय फाकवून बसलेल्या मुलाच्या खांद्यांवर दाब देऊन त्याला आणखी खाली बसवणारा शिक्षक दिसला, तर तेथेच हरकत घ्यावी. ताण वेदनेच्या अलीकडे थांबला पाहिजे. वजनगटात बसण्यासाठी मुलाने जेवण किंवा पाणी तोडावे, अशी अपेक्षा तर कोणत्याही परिस्थितीत मान्य करू नये.

डोक्याला मार बसल्यास नियम एकच : सराव तत्काळ बंद, आणि त्या दिवशी पुन्हा सुरू नाही. ‘मला काही झालेले नाही’ असे मूल म्हणाले तरीही नाही. उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, झटका, किंवा डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे. इतर वेळीही डॉक्टरांनी परवानगी दिल्याखेरीज मुलाला सरावात उतरवू नये.

आदर म्हणजे भीती नव्हे

शिस्तीच्या नावाखाली काय खपवून घ्यावे आणि काय नाही, याचा निवाडा घरातल्या वडीलधाऱ्यांना उत्तम करता येतो. चुकलेल्या मुलाला छडी मारणे, चारचौघांत हिणवणे, रडत असताना उठाबशा काढायला लावणे यांचा कराटेच्या शिस्तीशी काही संबंध नाही. वंदन दोन्ही बाजूंनी व्हायचे असते. शिष्य वाकतो तेव्हा शिक्षकही वाकतो, आणि नवखा पांढरा पट्टेवाला समोर आला तरी काळा पट्टेवाला त्याला वंदन करतो. जेथे एकच बाजू वाकते, तेथे सावध व्हावे.

पवित्रा सुधारताना शिक्षकांना हात-पाय धरून दाखवावे लागते. चांगला शिक्षक आधी सांगतो, मग स्पर्श करतो. मूल संकोचले तर स्वतः करून दाखवतो. वर्ग पालकांना पाहण्यासाठी खुला असावा, कपडे बदलण्याची सोय स्वतंत्र असावी, एकट्या मुलाला बंद खोलीत शिकवण्याचा प्रकार नसावा, आणि शिक्षकांचे निरोप पालकांच्या दूरध्वनीवर यावेत. मूल अचानक वर्गाला जायचे नाकारू लागले, गप्प गप्प राहू लागले, तर ‘आळस करतोस’ असे न म्हणता शांतपणे बसून त्याचे ऐकून घ्यावे. आई-वडिलांना न सांगितलेली गोष्ट मूल कधी कधी आजीच्या मांडीवर डोके ठेवून सांगते. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२ चा कायदा, ज्याला आपण ‘पोक्सो’ म्हणतो, अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या प्रत्येक व्यक्तीवर ती कळवण्याची जबाबदारी टाकतो. बालकांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. घराण्याची अब्रू, शिक्षकांचे नाव, वर्गाची कीर्ती, यांतले काहीही मुलापेक्षा मोठे नाही.

आपल्या वयाला कराटे?

शिक्षकासाठी जपानीत ‘सेन्सेई’ हा शब्द आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘आधी जन्मलेला’. ज्या विद्येत गुरूचे नावच वडीलकीवरून पडले, तेथे पिकल्या केसांना मज्जाव असण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि स्नायूंची शक्ती वाढवणारे व्यायाम करावेत. संथ गतीने केलेली काता या दोन्ही गोष्टी साधू शकते : पावलागणिक भार एका पायावरून दुसऱ्यावर जातो, मांड्यांना काम मिळते, क्रम लक्षात ठेवताना बुद्धीलाही चालना मिळते.

तथापि, आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे आणि नंतर शिक्षकांना आपल्या व्याधी व औषधे स्पष्टपणे सांगावीत. त्यात कमीपणा नाही. काही खबरदाऱ्या विशेष लक्षात ठेवाव्यात.

गुडघे दुखत असतील किंवा गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया झाली असेल, तर सेइझात बसण्याचा हट्ट नको. उभ्याने किंवा खुर्चीवरून केलेले वंदन तितकेच पूर्ण असते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना खाली वाकून झटकन वर येताना भोवळ येऊ शकते; म्हणून वंदन उथळ आणि सावकाश असावे. पवित्रा उंच ठेवावा. पुढचा गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच वाकावा. तो आत कलू देऊ नये. लाथ कमरेखालीच राहू द्यावी, शेजारी भिंत किंवा खुर्ची असावी, आणि हवेत ठोसा-लाथ मारताना कोपर वा गुडघा झटक्याने पूर्ण ताठ करू नये. कातामध्ये मागे वळण्याच्या जागा येतात; तेथे एका पायावर गर्रकन न फिरता लहान लहान पावलांनी वळावे. तोल जाण्याची भीती अशाच ठिकाणी अधिक असते.

मधुमेहात पायांची संवेदना कमी झाली असेल, तर अनवाणी सराव धोक्याचा. लहानशी जखमही लक्षात येत नाही. अशांनी मऊ, न घसरणारे बूट घालण्याची परवानगी मागावी आणि घरी आल्यावर तळवे तपासावेत. साखर एकदम उतरल्यास हाताशी असावी म्हणून खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, हाडे ठिसूळ झाली असतील किंवा पेसमेकर बसवलेला असेल, तर आघाताचा, पडण्याचा आणि झटापटीचा सराव पूर्णपणे वर्ज्य समजावा. श्वास जोराने रोखून अंग आवळण्याचे प्रकार उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि काचबिंदू असणाऱ्यांनी करू नयेत.

सराव करताना बोलता येईल, इतकाच दम लागावा. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, घाम फुटून अस्वस्थता, भोवळ किंवा असाधारण धाप जाणवली, तर तेथेच थांबावे, बसावे आणि जवळच्यांना सांगावे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. ‘सगळे करताहेत, मीच कसा थांबू’ हा संकोच ज्येष्ठांना फार महागात पडतो. ‘यामे’ म्हणण्याचा अधिकार केवळ शिक्षकांचा नसतो. आपल्या शरीराच्या वतीने तो प्रत्येकाला आहे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी दोन शब्द

घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्यांना डोजोत पाऊल न टाकताही यातून दोन गोष्टी घेता येतील. पहिली पवित्र्याची. ‘किबा-दाची’ म्हणजे घोडेस्वाराचा पवित्रा : पाय रुंद, गुडघे वाकलेले, पाठ सरळ. रुग्णाला पलंगावरून खुर्चीत बसवताना शरीराची ठेवण जवळजवळ अशीच हवी. एक पाय किंचित पुढे असावा, रुग्ण आपल्या अंगाजवळ असावा, जोर मांड्यांनी लावावा आणि कमरेतून पीळ न देता पावले फिरवून वळावे. कंबर धरण्याचे पुष्कळसे प्रसंग एवढ्याने टळू शकतात. भार मोठा असेल तर एकट्याने उचलण्याचे साहस करू नये.

दुसरी गोष्ट वंदनाची. जोडीदाराला वंदन करून त्याची तयारी पाहिल्याखेरीज डोजोत कोणी हात लावत नाही. रुग्णालाही तोच मान मिळाला पाहिजे. न बोलता एकदम कूस बदलली, अंगावरची चादर ओढून काढली, तर तो दचकतो, अंग ताठ करतो, आणि मग दोघांनाही इजा होऊ शकते. त्याच्या नजरेसमोर या, ‘बाबा, आता तुम्हाला उठवून बसवतो,’ असे सांगा, होकाराची वाट पाहा, मग तीन आकडे मोजून दोघे मिळून हालचाल करा. ज्याला बोलता येत नाही, त्यालाही सांगा. परावलंबी झालेल्या माणसाचे शरीर अजून त्याचेच आहे, याची आठवण दोघांनाही त्यातून राहते.

पहिल्या भेटीत हे पाहा

नाव नोंदवण्यापूर्वी एक पूर्ण तास बाकावर बसून वर्ग पाहण्याची परवानगी मागा. ती नाकारली गेली, तर पुढचे काही विचारण्याची गरज नाही. परवानगी मिळाली तर एवढे टिपून ठेवा :

• जमीन कोरडी, सपाट व स्वच्छ आहे का? भिंती, खांब आणि खिडक्यांपासून अंतर पुरेसे आहे का?
• प्रथमोपचाराची पेटी आहे का, आणि ती कुठे आहे हे शिक्षकांना न शोधता सांगता येते का?
• ‘यामे’ म्हटल्यावर सारा वर्ग खरोखर थांबतो का?
• जोडीतला लहान किंवा नवखा भागीदार घाबरलेला दिसतो की आश्वस्त?
• दुखणाऱ्या मुलाला बाजूला बसू देतात की टोमणे मारतात?
• शिक्षक वंदन स्वीकारतात, तसे परतही करतात का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर बाकीची उत्तरेही बहुधा समाधानकारक येतील. मग नातवंडाला निश्चिंतपणे वर्गात सोडा. आणि डॉक्टरांनी मान डोलावली, तर शेवटच्या रांगेत, भिंतीजवळची एक जागा आपल्यासाठीही मागून घ्या.